दोन छोटे ठेकेदार, एक मोठी निविदा : जेव्हीत (संयुक्त उपक्रमात) काय मिळतं आणि कुठे अडतं

एका गावाच्या पाणीपुरवठा योजनेची निविदा निघाली आहे असं समजा. अंदाजपत्रकी किंमत ५ कोटी, मुदत १८ महिने. विहीर, पंपघर, रायझिंग मेन (पंपापासून टाकीपर्यंतची मुख्य वाहिनी), उंच टाकी आणि गावातली वितरण वाहिनी, असं सगळं एकाच कामात. तालुक्यात पाइपलाइन आणि टाकीचं काम चोख करणारा एक ठेकेदार आहे. पंप, पॅनेल, ट्रान्सफॉर्मर यांत हात बसलेला दुसरा आहे. काम दोघांच्याही आवाक्यातलं आहे, पण एकट्याने निविदा भरायला बसलं की दोघंही पहिल्याच पानावर बाद होतात.

बाद का होतात ते आकड्यांतच पाहू. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर २००२ मध्ये पात्रतेचे जे निकष सुचवले, त्यांच्या आसपासचे आकडे आजही बऱ्याच निविदांत सापडतात. गेल्या तीन वर्षांची सरासरी उलाढाल कामाच्या किमतीच्या किमान ३० टक्के हवी. गेल्या सात वर्षांत तशाच प्रकारची कामं पूर्ण केलेली हवीत : प्रत्येकी ४० टक्के किमतीची तीन, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. ५ कोटींच्या कामाला याचा अर्थ उलाढाल दीड कोटी, आणि अनुभवात २ कोटींची तीन, अडीच कोटींची दोन किंवा ४ कोटींचं एक काम.

आपल्या पाइपवाल्याची सरासरी उलाढाल १ कोटी १० लाख आहे आणि मोठं म्हणावं असं २ कोटी ६० लाखांचं एकच काम त्याच्या नावावर आहे. पंपवाल्याची उलाढाल ७० लाख, आणि पाच वर्षांपूर्वी पूर्ण केलेलं अडीच कोटींचं एक पंपिंग स्टेशन. दोघांची बेरीज केली तर उलाढाल १ कोटी ८० लाख होते आणि अडीच कोटींची किंवा त्याहून मोठी दोन कामं पदरात पडतात. निविदेत संयुक्त उपक्रमाला, म्हणजे आपण सगळे ज्याला जेव्ही म्हणतो त्याला, परवानगी असेल तर हे दोघं पात्र ठरू शकतात.

‘ठरू शकतात’ असंच म्हणावं लागतं, कारण बेरीज कशाची चालते हे प्रत्येक निविदा आपापलं ठरवते. काही ठिकाणी उलाढाल जोडलेली चालते, अनुभव जोडलेला चालत नाही. काही ठिकाणी मुख्य भागीदाराने एकट्याने निकषाचा ठरावीक हिस्सा पूर्ण करावा अशी अट असते आणि त्याचा वाटा किमान ५१ टक्के हवा असं लिहिलेलं असतं. भागीदार किती असावेत यावर बहुधा मर्यादा असते. काही निविदांत तर जेव्हीला परवानगीच नसते. म्हणून सोबती शोधायच्या आधी निविदेतलं पात्रतेचं प्रकरण ओळ न ओळ वाचायचं. बैठकीत हात मिळवून, कागद तयार करून मग अट वाचणारे कमी नाहीत.

निविदाक्षमता, म्हणजे आणखी किती किमतीचं काम अंगावर घेता येईल, हाही एक आकडा इथेच तपासून घ्यायचा. तिचं सूत्र बहुधा असं असतं : गेल्या पाच वर्षांतल्या सर्वांत चांगल्या वर्षात केलेलं काम, गुणिले या कामाची मुदत वर्षांत, गुणिले दोन, आणि त्यातून हातात असलेल्या कामांची शिल्लक वजा. दोनच्या जागी दीड किंवा अडीचही असतो, तो निविदेत दिलेला असतो. पाइपवाल्याने एका वर्षात जास्तीत जास्त १ कोटी ६० लाखांचं काम केलंय. मुदत दीड वर्ष, म्हणजे १.६ × १.५ × २ = ४.८ कोटी. हातात ९० लाखांची कामं शिल्लक आहेत, ती वजा करून उरतात ३.९ कोटी. एकट्याला ५ कोटींचं काम मिळत नाही ते इथेही. पंपवाल्याचे याच हिशेबाने १.१ × १.५ × २ = ३.३, त्यातून २० लाख वजा, म्हणजे ३.१ कोटी. मिळून ७ कोटी. हातातली कामं कमी दाखवून हा आकडा फुगवायचा मोह होतो. प्रतिस्पर्ध्याने तक्रार केली की खोट्या माहितीवरून निविदा बाद, बयाणा (निविदेसोबत भरलेली रक्कम) जप्त आणि काळ्या यादीची नोटीस, असा तो मोह फेडावा लागतो.

नेमका फायदा कोणता

पात्रता मिळते हा उघड फायदा. त्याच्या मागे तीन फायदे आहेत आणि ते जास्त टिकाऊ आहेत.

पहिला खेळत्या भांडवलाचा. बयाणा रक्कम, सुरक्षा अनामत, बँक हमीचं मार्जिन (हमीसाठी बँकेत अडकवून ठेवायची रक्कम) आणि बिल निघेपर्यंतचा खर्च हे सगळं दोघांत वाटलं जातं. दुसरा कौशल्याचा. पंपाचं काम पाइपवाल्याने पोटठेकेदाराला दिलं असतं तर त्याने आपला नफा धरून दर लावला असता, आणि काम अडलं की फोन उचलला नसता. जेव्हीत त्याचाही पैसा आणि नाव गुंतलेलं असतं. तिसरा फायदा बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो, तो म्हणजे अनुभवाचा दाखला. काम पूर्ण झाल्यावर मिळणारा दाखला जेव्हीच्या नावावर असतो आणि पुढच्या निविदेत त्यातला आपल्या वाट्याएवढा अनुभव आपल्या खात्यात धरला जातो. पाइपवाल्याचा वाटा ६० टक्के आणि पंपवाल्याचा ४० टक्के धरला तर ६० टक्केवाल्याला ३ कोटींचा, ४० टक्केवाल्याला २ कोटींचा. दोन-तीन जेव्हींनंतर एकट्याने ५ कोटींची निविदा भरता येते. छोट्या ठेकेदारासाठी जेव्ही करण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असावं, चालू कामाचा नफा दुसऱ्या नंबरावर.

जेव्ही कुठे उपयोगी पडत नाही तेही सांगायला हवं. दोघांकडे एकाच गोष्टीची कमतरता असेल तर एकत्र येऊन ती दुप्पट होते. दोघांचीही बँक लिमिट भरलेली असेल तर कार्यारंभ आदेश हातात पडल्यापासून पंधरा दिवसांत सिमेंटवाल्याची उधारी सुरू होते. सोबत्याकडे असं काही हवं जे आपल्याकडे नाही आणि पैसे टाकून चटकन मिळणारही नाही : अनुभवाचा दाखला, परवाना, प्रशिक्षित माणसं, यंत्र, एखाद्या भागातली ओळख. फक्त पैसाच हवा असेल तर बँकेचं कर्ज स्वस्त पडतं, कारण बँक नफ्यात वाटा मागत नाही.

आता ज्या प्रकाराबद्दल सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी लिहीत नाही, त्याबद्दल. एकाचे फक्त कागद वापरायचे, त्याला दोन-तीन टक्के द्यायचे आणि काम दुसऱ्याने करायचं. कागद देणाऱ्याला हे बसल्या जागी मिळणारं उत्पन्न वाटतं. पण सरकारी खात्याशी झालेल्या करारात दोघंही ‘संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे’ जबाबदार असतात. टाकीला तडा गेला किंवा काम अर्धवट राहिलं तर खातं दोघांपैकी ज्याच्याकडे पैसा दिसेल त्याच्याकडून पूर्ण वसुली करतं. तीन टक्क्यांसाठी शंभर टक्क्यांची जबाबदारी घेण्यासारखं हे आहे. म्हणूनच प्रत्येक भागीदाराने कामाचा कोणता भाग करायचा हे करारातच लिहून मागणाऱ्या निविदा दिसतात.

साचा कोणता निवडायचा

जेव्ही नावाचा वेगळा कायदा भारतात नाही. हे नाव चार-पाच वेगवेगळ्या रचनांना लावलं जातं आणि प्रत्येकीचा कर, जबाबदारी, खाती वेगळी असतात.

सर्वांत हलकी रचना कन्सोर्टियमची. दोघं मिळून निविदा भरतात, पण काम, माणसं, माल, नफा-तोटा सगळं ज्याचं त्याचं. आयकराच्या दृष्टीने यात एक कळीचा प्रश्न येतो. अशा गटाला ‘व्यक्तींचा संघ’ मानून वेगळा करदाता ठरवायचं का? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मार्च २०१६ मध्ये परिपत्रक ७/२०१६ काढून टर्नकी स्वरूपाच्या (सगळं काम पूर्ण करून चालू स्थितीत सोपवायच्या) कंत्राटांपुरतं हे स्पष्ट केलं. प्रत्येक सदस्य आपल्या वाट्याच्या कामाला आपापल्या साधनांनी स्वतंत्रपणे जबाबदार असेल, नफा-तोटा आपापल्या कामावरच असेल, माणसं आणि माल आपापल्या ताब्यात असतील आणि एकत्रित व्यवस्थापन फक्त आपसांतल्या समन्वयापुरतं असेल, तर तो संघ मानला जात नाही. या चार गोष्टी करारात आणि प्रत्यक्ष वहीखात्यांत दोन्हीकडे दिसायला हव्यात. करारात ‘आपापला नफा’ आणि प्रत्यक्षात सगळा पैसा एका खात्यात जमा करून ६०-४० वाटप, असं असेल तर परिपत्रक वाचवत नाही.

दुसरी रचना एका कामापुरत्या भागीदारीची. भारतीय भागीदारी कायदा १९३२ मध्ये एखाद्या विशिष्ट उपक्रमापुरती भागीदारी करायची सोय आहे आणि काम संपलं की, करारात वेगळं नसेल तर, ती आपोआप विसर्जित होते. आपल्या पाणी योजनेसारख्या कामाला छोटे ठेकेदार बहुधा हीच वाट धरतात. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला कराराचे पैसे वसूल करायला त्रयस्थावर दावा लावता येत नाही. ५ कोटींच्या कामात ही जोखीम घेण्यात अर्थ नाही.

वाटा लिहायचा राहिला तर कायदा सगळ्यांना समान वाटा देतो, मग पैसे कुणी कितीही घातलेले असोत. एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीच्या, कायद्यातही करार नसेल तर तसंच. तोंडी ‘सत्तर-तीस’ ठरलेलं असताना कागदावर काहीच नसेल तर वादात ते पन्नास-पन्नास होऊन बसतं.

एलएलपी आणि प्रायव्हेट लिमिटेड कंपनी या दोन रचना निविदेपेक्षा दीर्घ चालणाऱ्या धंद्याला शोभतात. दोन वर्कशॉपनी मिळून पावडर कोटिंगचा प्लांट टाकला, दोन मसालेवाल्यांनी मिळून पॅकिंग लाइन घेतली, अशांना. एलएलपीत जबाबदारी आपल्या भांडवलापुरती मर्यादित राहते, तरी बँक कर्ज देताना भागीदारांची वैयक्तिक हमी मागतेच. त्यामुळे ‘मर्यादित जबाबदारी’वर फार विसंबू नये. वार्षिक विवरणाचा फॉर्म ११ दर ३० मेपर्यंत आणि हिशेबाचा फॉर्म ८ दर ३० ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो, उलाढाल शून्य असली तरी. ४० लाखांवर उलाढाल किंवा २५ लाखांवर भांडवल गेलं की लेखापरीक्षण आलं. निविदेसाठी नवी एलएलपी काढणाऱ्यांची एक फसगत ठरलेली : नव्या एलएलपीचा अनुभव शून्य. भागीदारांचा अनुभव तिच्या नावे धरला जाईल असं निविदेत स्पष्ट नसेल तर सगळी धावपळ फुकट.

कंपनीत लक्षात ठेवायचा आकडा म्हणजे ७५ टक्के. विशेष ठरावाला झालेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळे २६ टक्क्यांचा भागधारक कंपनीची नियमावली बदलण्यासारखे निर्णय अडवू शकतो. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात, म्हणून ५०-५० मध्ये दोघांपैकी कुणालाच एकट्याने काही मंजूर करता येत नाही. ५०-५० ठेवायचंच असेल तर अडल्यावर काय करायचं ते आधी लिहायचं.

एक बिल जवळून

जेव्हीतली निम्मी भांडणं ‘नफा गेला कुठे’ या प्रश्नावरून होतात. म्हणून ४० लाखांचं एक रनिंग बिल (काम चालू असताना झालेल्या कामापुरतं बिल) उलगडून पाहू. मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, बिल मंजूर झालं. त्यावर १८ टक्के जीएसटी, ७ लाख २० हजार. एकूण ४७ लाख २० हजार.

आता कपाती. आयकराचा टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) २ टक्के, ८० हजार. (एकट्या व्यक्तीच्या नावावर काम असतं तर १ टक्का कापला असता, फर्मला २ टक्के.) जीएसटीचा टीडीएस २ टक्के, आणखी ८० हजार. बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का, ४० हजार. सुरक्षा अनामत ५ टक्के धरू, २ लाख. एकूण कपात ४ लाख, खात्यात येतात ४३ लाख २० हजार.

त्यातला जीएसटी आपला नव्हे. ७ लाख २० हजारांपैकी ८० हजार टीडीएसच्या रूपाने भरले गेलेत, म्हणून ६ लाख ४० हजार बाजूला. हा काही प्रमाणात मालावर आधी भरलेल्या कराच्या जमेतून वळता होतो, पण ती रक्कमही माल घेताना खिशातूनच गेलेली असते. उरले ३६ लाख ८० हजार. उपकर सोडून या बिलाचा प्रत्यक्ष खर्च ३६ लाख असेल तर हातात शिल्लक ८० हजार.

वहीत मात्र नफा ३ लाख ६० हजार दिसतो. त्यातले २ लाख अनामतीत अडकलेत आणि ते दोषदायित्वाचा काळ (काम संपल्यावर बिघाड आपल्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपल्यावर सुटतील, ८० हजार आयकर विभागाकडे जमा आहेत, ८० हजार बँकेत. पाइपवाला वहीतला ६० टक्के वाटा धरून २ लाख १६ हजार मागतो, आणि बँकेत ८० हजार आहेत. दोघंही खरं बोलत असतात. म्हणून करारात ‘नफा’ची व्याख्या लिहायची आणि उचल नफ्यावर न देता हातातल्या रोकडीवर, तीही पुढच्या महिन्याच्या खर्चाची तरतूद ठेवून, द्यायची.

करही इथेच बसतो. फर्मला आणि एलएलपीला नफ्यावर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. छोट्या उत्पन्नाला स्लॅबचा फायदा नाही. भागीदाराच्या हातात आलेला नफ्याचा वाटा मात्र पुन्हा करपात्र नसतो. काम बघणाऱ्या भागीदारांना मेहनताना आणि भांडवलावर १२ टक्क्यांपर्यंत व्याज देता येतं, ते फर्मच्या नफ्यातून वजा होतं आणि भागीदाराच्या स्लॅबने कर लागतो. मेहनतान्याला मर्यादा आहे : पहिल्या ६ लाख नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख यांपैकी जास्त असेल ते, त्यापुढच्या नफ्यावर ६० टक्के. हे सगळं भागीदारी पत्रात लिहिलेलं असेल तरच. १ एप्रिल २०२५ पासून अशा मेहनताना-व्याजाची वर्षाची रक्कम २० हजारांवर गेली की फर्मने १० टक्के टीडीएस कापायचा आहे, हे अजून अनेकांच्या गावी नाही. व्यक्तींचा संघ असेल तर सदस्यांना दिलेलं व्याज आणि मेहनताना वजाच मिळत नाही. भागीदारी पत्र नीट न केल्याची ही सर्वांत महाग किंमत.

जीएसटीचं आणखी एक. काम जेव्हीच्या नावावर आणि प्रत्यक्ष करणारे भागीदार आपापल्या जुन्या फर्ममधून, असं असेल तर भागीदाराची फर्म जेव्हीला बिल लावते आणि जेव्ही खात्याला. दोन्ही बिलांवर जीएसटी. मधल्या बिलाचे पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर घेतलेली कराची जमा व्याजासह परत फिरवावी लागते. सरकारी बिल सात-आठ महिने अडलं की हे होतंच. भागीदाराची फर्म उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची सूक्ष्म-लघु उद्योगांची नोंदणी) असलेली सूक्ष्म किंवा लघु असेल तर ४५ दिवसांच्या मुदतीचा प्रश्नही येतो : ३१ मार्चला मुदत उलटलेलं तिचं देणं थकलं असेल तर तो खर्च जेव्हीला त्या वर्षी आयकरात वजा मिळत नाही. फेब्रुवारीतच सीएसोबत बसून ही बिलं पाहावीत.

कागद कोणते आणि कोणत्या क्रमाने

निविदेसोबत आधी फक्त जेव्हीचा करार किंवा इरादापत्र, मुख्य भागीदाराला दिलेलं कुलमुखत्यारपत्र आणि दोघांची कागदपत्रं लागतात. काम मिळाल्यावर भागीदारी पत्र, फर्मची नोंदणी, पॅन, टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक), जीएसटी नोंदणी, चालू खातं, मग भविष्य निर्वाह निधी आणि कामगारांचे परवाने.

इथे एक क्षुल्लक गोष्ट महिनाभर पैसा अडवते : नाव. कार्यारंभ आदेशावर ‘अमुक-तमुक जेव्ही’, पॅनवर ‘अमुक तमुक जॉइंट व्हेंचर’, बँकेत ‘मेसर्स’ लावलेलं तिसरंच. कोषागारातून बिल परत येतं, टीडीएस भलत्याच पॅनवर जमा होतो. निविदा भरतानाच्या करारात जे नाव लिहिलं तेच, हायफनसकट, शेवटपर्यंत वापरायचं. टीडीएस ज्याच्या पॅनवर जमा झाला, उत्पन्नही त्याच्याच विवरणपत्रात दाखवलं पाहिजे. टीडीएस जेव्हीच्या नावावर आणि उत्पन्न भागीदारांच्या विवरणपत्रांत, अशी विसंगती झाली की नोटीस येते.

बँक खात्यात दोघांच्या सह्या हव्यात, पण प्रत्येक चेकला दोन सह्या म्हणजे साइटवर मजुरी थांबते. २५ किंवा ५० हजारांपर्यंत एकाची सही, त्यावर दोघांची, आणि दोघांनाही नेट बँकिंगमधून खातं बघता येईल अशी सोय, एवढं पुरतं. खातं बघायची सोय ही सहीपेक्षा महत्त्वाची. पैसा दिसत राहिला की संशय वाढत नाही.

करारात सगळे वकील घालतात ती कलमं असतातच. छोट्या जेव्हीत खऱ्या अर्थाने कामी येणारी कलमं मात्र वेगळी असतात. कुणी किती भांडवल कोणत्या तारखेपर्यंत आणायचं, आणि नाही आणलं तर काय? सोबत्याने भर घातली तर त्यावर व्याज मिळणार की वाटा वाढणार? एकाचं पोकलेन जेव्हीच्या साइटवर चाललं तर ताशी दर किती, डिझेल कुणाचं? हा दर न ठरवलेला असला की कामाच्या शेवटी पोकलेनवाला आपल्या मनाने बिल लावतो आणि सगळा नफा भाड्यात जातो. मुदतवाढ लागली आणि दंड झाला तर तो वाट्याप्रमाणे की ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्यावर? टाकीचं काम लांबल्यामुळे पंप बसवायला उशीर झाला, हा वाद या कामात येणारच आहे, म्हणून दोन कामांच्या सीमारेषेवर तारखा लिहून ठेवायच्या.

वाद लवादाकडे न्यायचा असेल तर लवाद एक किंवा तीन. कायद्यानुसार संख्या सम असता कामा नये. ठिकाण लिहायचं, नाहीतर कोर्ट कोणतं यावरच वर्ष जातं.

स्पर्धा कायद्याकडेही एक नजर. दोघांनी उघडपणे जेव्ही म्हणून एक निविदा भरणं वैध आहे, आणि कार्यक्षमता वाढवणाऱ्या जेव्हीला कायद्याने सूटही दिलेली आहे. पण दोघांनी वेगवेगळ्या निविदा भरायच्या, दर आधी आपसांत ठरवायचे आणि हरलेल्याला मागून काम द्यायचं, याला निविदेतलं संगनमत म्हणतात आणि त्याला मोठा दंड आहे. ‘आपली तोंडी जेव्ही आहे’ असं सांगून यातून सुटता येत नाही.

कारखानदारांसाठी थोडं

उत्पादन करणाऱ्यांना जेव्ही करताना आणखी एक भीती असते : आज सोबती, उद्या स्पर्धक. मोठ्यांतही हे झालं आहे. हीरो आणि होंडा १९८४ मध्ये एकत्र आले. १९९९ मध्ये होंडाने भारतात आपली स्वतंत्र दुचाकी कंपनी काढली आणि डिसेंबर २०१० मध्ये दोघांनी वेगळं व्हायचं जाहीर केलं. छोट्या उद्योगात हाच प्रकार ग्राहकाच्या यादीवरून होतो. डाय, ड्रॉइंग आणि साचे कुणाच्या मालकीचे, ब्रँडचं नाव कुणाच्या नावावर नोंदवलेलं, आणि जेव्हीमुळे ओळख झालेल्या ग्राहकाला दुसऱ्याने किती काळ थेट माल विकायचा नाही, हे आधी ठरवा. ‘आयुष्यभर स्पर्धा करणार नाही’ असं कलम मात्र टिकणं कठीण, कारण व्यवसायावर बंदी घालणारे करार करार कायद्यात मुळात निरर्थक ठरतात. भागीदारीत याला काही अपवाद आहेत, तेही कालावधी आणि भूभाग वाजवी असेल तर.

वीस-पंचवीस उद्योगांनी मिळून एखादी महाग सुविधा उभारायची असेल तर दोघा-तिघांच्या जेव्हीऐवजी क्लस्टरचा मार्ग बघावा. केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्राला अनुदान मिळतं, आणि ते चालवायला उद्योजकांनी मिळून एक स्वतंत्र संस्था काढायची असते. महाराष्ट्र सरकारचाही असा कार्यक्रम आहे. चिंचवडचं ऑटो क्लस्टर, वाळूजचं मराठवाडा ऑटो क्लस्टर, नाशिकचं इंजिनिअरिंग क्लस्टर ही सामायिक सुविधांची चालू उदाहरणं. एकट्या वर्कशॉपला न परवडणारी चाचणी यंत्रं तिथे तासाच्या दराने वापरता येतात.

केंद्र सरकार आणि त्याच्या कंपन्यांच्या खरेदीत २५ टक्के माल सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचं धोरण आहे आणि पात्र उद्योगाला बयाणा रकमेतून सूट मिळते. ही सवलत जेव्हीला आपोआप लागू होते असं धरून चालू नका. जेव्हीचा पॅन वेगळा, म्हणून उद्यम नोंदणीही वेगळी लागते, आणि निविदेत बऱ्याचदा सगळेच भागीदार सूक्ष्म-लघु असण्याची अट असते. शिवाय हे धोरण वस्तू आणि सेवांसाठी आहे. आपल्या पाणी योजनेसारख्या बांधकामाच्या कंत्राटात त्यावर विसंबून बयाणा न भरता निविदा टाकली तर ती पहिल्याच छाननीत बाहेर जाते.

बंद करताना

काम संपलं, पंप चालू झाला, अंतिम बिल निघालं की दोघंही नव्या कामाकडे वळतात आणि जेव्ही तशीच लोंबकळत राहते. दोषदायित्वाचा काळ, समजा दोन वर्षं, अजून शिल्लक असतो. या काळात पंपाची मोटर जळाली तर खर्च कुणाचा, हे करारात आधीच लिहिलेलं असलं पाहिजे, आणि त्यासाठी अनामतीच्या हिशेबाबाहेर एक छोटी रक्कम जेव्हीच्या खात्यात राखून ठेवावी. भागीदारी ‘काम पूर्ण झाल्यावर’ विसर्जित होते असं लिहिताना पूर्ण म्हणजे पाणी सुरू झालं ती तारीख की अनामत परत मिळाली ती, हेही लिहा. पहिली तारीख धरली तर अनामत परत येते तेव्हा ती घ्यायला फर्म शिल्लक नसते.

अनुभवाचा दाखला मागताना त्यावर दोघांची नावं, वाटा आणि कोणी कोणतं काम केलं ते लिहून घ्या. पाच वर्षांनी तो अभियंता तिथे नसतो. अनामत सुटली की शेवटचा हिशेब दोघांनी सही करून ठेवायचा, आयकराचं शेवटचं विवरणपत्र भरायचं, जीएसटी नोंदणी रद्द करायची आणि रद्द झाल्यापासून तीन महिन्यांत जीएसटीआर-१०, म्हणजे जीएसटीचं अंतिम विवरणपत्र, भरायचा. विसर्जनाची नोटीस निबंधकाकडे द्यायची. बँक खातं सर्वांत शेवटी बंद करा, कारण आयकराचा परतावा त्याच खात्यात येणार असतो.